मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि आयुर्वेदीय वैद्य : प्रवेश, पाठ्यक्रम व अधिकार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने अध्ययनास कसा आरंभ करावा याचा क्रम सांगितला आहे. प्रथम शास्त्राची परीक्षा, नंतर आचार्यांची परीक्षा आणि त्यानंतर आचार्यांनी करावयाची शिष्याची परीक्षा. आजच्या भाषेत सांगावयाचे तर आधी पाठ्यक्रम, मग संस्था आणि शेवटी प्रवेशपात्रता. आपण मात्र हा क्रम उलटा करून ठेवला आहे. ‘मला प्रवेश मिळेल का?’ हा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारतो आणि ‘हे शास्त्र शिकून मला काय करण्याचा अधिकार प्राप्त होईल?’ हा प्रश्न पदवी हाती आल्यावर सुचतो.

बी.ए.एम.एस. झाल्यावर मानसशास्त्रात एम.ए. करावे काय, असे विचारणारे तरुण वैद्य अलीकडे वारंवार भेटतात. त्यामागील कारण उघड आहे. अनिद्रा, अम्लपित्त, शिरःशूल, ग्रहणी अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या व्याधीचे मूळ मनात आहे, हे नाडीवर हात ठेवताच पुष्कळदा कळते. पुढे काय बोलावे, हे कळत नाही. प्रस्तुत लेखिकेने याच अस्वस्थतेतून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातले होते. त्यामुळे पुढील विवेचन काहीसे नियमांचे आणि काहीसे स्वानुभवाचे आहे.

प्रथम एक प्रसंग सांगते. आमच्या तालुक्यात एक ज्येष्ठ स्नेही वैद्य आहेत. निदानात निष्णात, वाचन दांडगे. पन्नाशीत त्यांनी दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. केले, तेही प्रथम श्रेणीत. आम्ही सर्वांनी मिळून त्यांचा सत्कार केला. पुढच्याच महिन्यात त्यांच्या फलकावर ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ ही अक्षरे झळकली आणि आमच्यापैकी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. नववीत शिकणाऱ्या, गणितात सातत्याने मागे पडणाऱ्या एका मुलाची त्यांनी बुद्धिमापन चाचणी घेतली आणि अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र स्वतःच्या शिक्क्यानिशी दिले. दहावीच्या परीक्षेतील सवलतीसाठी ते शाळेत गेले, तेव्हा ‘हे शासनाने नेमून दिलेल्या रुग्णालयाचे हवे’ असा शेरा मारून शाळेने ते परत केले. रुग्णालयाची तारीख मिळेपर्यंत अर्जाची मुदत टळली. मुलाने सवलतीवाचून परीक्षा दिली आणि तो गणितात अनुत्तीर्ण झाला. वडील भांडले नाहीत. ‘वैद्यबुवा, तुम्ही आधी सांगितलं असतं तर आम्ही जूनमध्येच मोठ्या दवाखान्यात गेलो असतो,’ एवढेच म्हणाले.

या स्नेह्यांची विद्या खोटी नव्हती, हेतूही शुद्ध होता. पदवी आणि अधिकार या दोन भिन्न वस्तू आहेत, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. सत्कार करणाऱ्या आम्हां मंडळींनाही ते ठाऊक नव्हते.

तीन वाटा

मानसरोगांकडे वळू इच्छिणाऱ्या वैद्यापुढे आज स्थूलमानाने तीन वाटा आहेत. त्यांची सरमिसळ होते म्हणून त्या प्रथम वेगळ्या करून पाहू.

पहिली वाट आपल्या घरातलीच आहे. आयुर्वेदातील ‘मनोविज्ञान एवं मानसरोग’ या विषयातील एम.डी. हा तीन वर्षांचा पूर्णवेळ पाठ्यक्रम आहे. प्रवेशासाठी बी.ए.एम.एस., पूर्ण झालेली आंतरवासिता आणि अखिल भारतीय आयुष पदव्युत्तर प्रवेश परीक्षा या गोष्टी आवश्यक ठरतात. हा विषय शिकविणाऱ्या संस्था मोजक्या आहेत. केरळातील कोट्टक्कल आणि कर्नाटकातील हासन येथील महाविद्यालयांची नावे या संदर्भात जाणकारांच्या तोंडी असतात. जागा थोड्या, त्यामुळे अनेक जण या वाटेचा विचारही न करता पुढे जातात. ही मोठी चूक आहे, आणि तिचे कारण पुढे अधिकाराच्या विवेचनात येईल.

दुसरी वाट म्हणजे विद्यापीठातील मानसशास्त्राची एम.ए. किंवा एम.एस्सी. ही ज्ञानशाखेची पदवी आहे. ती संशोधन, अध्यापन, समुपदेशन, उद्योगक्षेत्र, शालेय मार्गदर्शन अशा अनेक दिशांना नेते. ‘व्यावसायिक परवाना’ असे तिचे स्वरूप मुळात नव्हते.

तिसरी वाट चिकित्सालयीन मानसशास्त्राची. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले, रुग्णालयाशी जोडलेले, पर्यवेक्षित प्रशिक्षणाचे पाठ्यक्रम या वाटेवर लागतात. दीर्घकाळ या वाटेचे प्रवेशद्वार दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हेच होते आणि त्यासाठी मानसशास्त्रातील एम.ए. वा एम.एस्सी. किमान ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण असावे लागे. राखीव वर्गांसाठी ही मर्यादा ५० टक्के होती. म्हणजे दुसरी वाट पूर्ण चालल्यावरच तिसरीचा दरवाजा दिसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली. परंतु चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोरुग्णविषयक समाजकार्य या दोन विषयांत २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत प्रवेश देण्यास २०२४ मध्ये मुभा दिली. दरम्यान पुनर्वास परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्रातील स्वतंत्र पदवी, पदव्युत्तर व डॉक्टरेट स्तरावरील पाठ्यक्रम आखले. या संक्रमणकाळात प्रवेश घेणाऱ्याने माहितीपत्रकावर न विसंबता, त्या संस्थेला त्या विशिष्ट वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे काय, एवढे परिषदेच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

प्रवेशाच्या अटी

दुसऱ्या वाटेचा विचार येथे विस्ताराने करावयाचा आहे, कारण बहुसंख्य वैद्य तिच्याकडेच वळतात.

बी.ए.एम.एस. ही मान्यताप्राप्त पदवी असली, तरी मानसशास्त्र हा तिचा विषय नव्हे. पूर्वी अनेक विद्यापीठे पदवीस्तरावर मानसशास्त्र घेतलेल्यांनाच एम.ए.ला प्रवेश देत. काही विद्यापीठे अन्य शाखांतील पदवीधरांना प्रवेशपरीक्षा किंवा पूरक पाठ्यक्रमाच्या अटीवर घेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या विनियमांनी या बाबतीत बरेच मोकळे धोरण स्वीकारले आहे. पदवीचा विषय कोणताही असो, ज्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे त्या विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठस्तरीय प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेला पदवीधर पात्र ठरू शकतो. अर्थात नियमाने दिलेली मुभा आणि एखाद्या विद्यापीठाने त्या वर्षी प्रसिद्ध केलेली पात्रता यांत अंतर असू शकते. ज्या विभागात अर्ज करावयाचा, त्याच्या प्रवेशसूचनेतील शब्द हाच अखेरचा शब्द.

केंद्रीय व इतर अनेक विद्यापीठांचे प्रवेश २०२२ पासून सुरू झालेल्या सामाईक पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या आधारे होतात. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा उपयोजित मानसशास्त्राचा पाठ्यक्रम समुपदेशन व चिकित्सालयीन सरावावर भर देणारा म्हणून विद्यार्थ्यांत विशेष मागणीत आहे. मुंबई व पुणे या विद्यापीठांचे मानसशास्त्र विभागही जुने व नामवंत आहेत. परीक्षेतील प्रश्न वस्तुनिष्ठ असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. आपल्या संहितापाठाच्या सवयीचा येथे थोडा उपयोग होतो, थोडा अपायही होतो. व्याख्या पाठ असते. परंतु प्रयोगाची मांडणी देऊन ‘यातील स्वतंत्र परिवर्तक कोणता?’ असे विचारले की पाठांतर थिजते.

येथे एका बंद झालेल्या दरवाजाचा उल्लेख अपरिहार्य आहे. आपल्यापैकी ज्यांनी चिकित्सालय सांभाळून ही पदवी मिळविली, त्यांनी बहुधा ती दूरशिक्षणानेच मिळविली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा एम.ए. मानसशास्त्र हा पाठ्यक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधरास खुला असल्याने वैद्यांत विशेष लोकप्रिय होता. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ या व्यवसायाचा समावेश झाला. त्याचा परिणाम म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्याच्या कक्षेतील विषयांत दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास संस्थांना मनाई केली. तालुक्याच्या गावी राहून, सकाळ-संध्याकाळचे रुग्ण पाहून हे शिक्षण घेण्याची सोय त्यामुळे संपली. अनेकांना हा निर्णय जाचक वाटतो, आणि दुर्गम भागातील वैद्याच्या दृष्टीने तो आहेही. परंतु त्याच सोयीने शिकलेली मी, ज्या भागासाठी ती पदवी खरोखर घ्यावी तो भाग टपालाने येत नाही, हे नाकारू शकत नाही.

‘मग चिकित्सालय चालवीत किंवा दुसरी पदवी करीत नियमित वर्गात बसता येईल काय?’ असेही विचारले जाते. दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास आयोगाने २०२२ मध्ये परवानगी दिली. तथापि जेथे वैधानिक परिषदेचे नियम लागू आहेत तेथे ते पाळावेच लागतात. एम.डी. करणाऱ्या निवासी वैद्याला रुग्णालयातील कर्तव्य सोडून दुपारी विद्यापीठात जाता येणार नाही, हे सांगण्यास नियमाचीही गरज नाही.

पाठ्यक्रमात काय असते

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी चार सत्रांत विभागली आहे. मुख्य विषय, ऐच्छिक विषय, संशोधनपद्धती, कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रकार्य आणि संशोधन प्रकल्प असे तिचे घटक आहेत. चार वर्षांची सन्मान पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षाची पदव्युत्तर पदवीही आता आहे. आपण बी.ए.एम.एस. साठी साडेपाच वर्षे घालविली म्हणून या सवलतीचे हक्कदार आहोत, असा समज मात्र करून घेऊ नये. वर्षांच्या संख्येइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्या वर्षांत शिकलेल्या विषयाला असते.

बोधात्मक मानसशास्त्र, व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, विकासात्मक मानसशास्त्र, मनोविकृती, समुपदेशनाच्या पद्धती हे विषय वैद्याला फारसे जड जात नाहीत. मनोविकृतीच्या वर्गात तर मन हरखते. चरकांनी निदानस्थानात उन्मादाचे वर्णन करताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार अशा आठ भावांचा विभ्रम सांगितला आहे. आजची मानसिक अवस्था परीक्षा शिकताना त्यातील कितीतरी मुद्दे ओळखीचे वाटतात. हरखून जाण्याच्या त्या भरात ‘हे सर्व आपल्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. मीही एका निबंधात तसे लिहिले. परीक्षकांनी समासात एवढेच लिहिले होते : ‘साम्य दाखविलेत, भेद कोठे आहे?’

खरा कस लागतो तो संख्याशास्त्रात आणि मानसशास्त्रीय मापनात. प्रसामान्य वितरण, प्रमाण विचलन, सहसंबंध, प्रसरण विश्लेषण, घटक विश्लेषण ही नावे वाचूनच अनेक वैद्य पुस्तक मिटतात. मला पहिल्या प्रयत्नात या विषयात उत्तीर्ण होता आले नाही. दुसऱ्या वेळी शेजारच्या हायस्कुलातील गणिताच्या सरांकडे दोन महिने सायंकाळी जाऊन बसले. आज मागे वळून पाहता, संपूर्ण पदवीत आयुर्वेदाच्या दृष्टीने सर्वाधिक उपयोगी पडलेला विषय हाच, असे सांगावेसे वाटते.

त्याचे उदाहरण प्रकृतिपरीक्षणाचे घेऊ. जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयाचा स्वतःचा प्रकृतिपत्रक असतो. चाचणीसंबंधी मानसशास्त्र तीन प्रश्न विचारते. तीच व्यक्ती महिन्याने पुन्हा तपासली तर तेच उत्तर येते काय? दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासल्यास त्यांचे मत जुळते काय? आणि जे मोजावयाचे तेच मोजले जाते काय? पहिले दोन प्रश्न विश्वसनीयतेचे, तिसरा सप्रमाणतेचा. हे शिकल्यावर मी व माझ्या एका सहकारी वैद्यांनी वीस रुग्णांची प्रकृती एकमेकांना न सांगता लिहिली. वीसपैकी अकरा ठिकाणी आमचे एकमत झाले. आम्ही दोघेही पंचवीस वर्षे प्रकृती पाहत आहोत. वीस रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही, हेही त्याच विषयाने शिकविले. परंतु त्यानंतर ‘तुमची प्रकृती पित्तप्रधान’ असे मी पूर्वीच्या ठामपणाने सांगू शकले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयुष मंत्रालयाने देशभर प्रकृतिपरीक्षणाचे अभियान हाती घेतले, तेव्हा प्रत्येक वैद्याने हे तीन प्रश्न स्वतःला विचारावयास हवे होते.

परदेशी चाचण्या जशाच्या तशा वापरता येत नाहीत, ही जाणीवही याच विषयातून येते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत चाचणी पुढे कित्येक दशके बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली गेली. शब्द बदलले की चाचणी बदलते आणि पुन्हा नव्याने मानके ठरवावी लागतात. अनुवाद म्हणजे रूपांतर नव्हे, हे आपल्या प्रश्नावल्या घाईघाईने मराठीत आणणाऱ्या संशोधकांनी ध्यानी घ्यावे.

ऐकण्याचे शिक्षण

आता मघाशी म्हटलेल्या, टपालाने न येणाऱ्या भागाविषयी. पाठ्यक्रमाचा भाग म्हणून मला एका समुपदेशन केंद्रात पर्यवेक्षणाखाली काम करावयाचे होते. पर्यवेक्षक बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान होत्या. रुग्णाच्या संमतीने पहिल्या भेटीचे ध्वनिमुद्रण केले होते. ते ऐकून त्या म्हणाल्या, ‘वैद्यबाई, चाळीस मिनिटांत तुम्ही सतरा वेळा सल्ला दिलात. रुग्णाचं वाक्य तुम्ही नऊ वेळा तोडलंत.’ मला राग आला. लवकर झोपा, रात्री दही वर्ज्य करा, पादाभ्यंग करा, जे घडले ते विसरा. यांतील कोणता सल्ला चुकीचा होता?

राग ओसरण्यास काही आठवडे लागले. चरकांनी सूत्रस्थानात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, हे सत्त्वावजयाचे स्वरूप. आपण या शब्दाचा अर्थ व्यवहारात ‘उपदेश’ असा करून टाकला आहे. वैद्य बोलणार, रुग्ण ऐकणार. परंतु मन ज्या विषयाला चिकटून बसले आहे तो विषय कोणता, हे रुग्णाने सांगितल्याशिवाय निग्रह कशापासून करावयाचा? औषधयोजनेपूर्वी आपण दोष-दूष्य, देश, काल, बल पाहतो, दशविध परीक्षेत सत्त्वाचाही विचार करतो. मग शब्दरूप औषध मात्र परीक्षेवाचून का द्यावे?

याच केंद्रात एक दुसरी गोष्ट शिकले. माझ्याकडे दीड वर्ष निद्रानाशासाठी येणाऱ्या एक शिक्षिका होत्या. शिरोधारेने त्यांना दोन-तीन आठवडे बरे वाटे, पुन्हा पूर्वस्थिती. विषण्ण रुग्णाला आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्ट शब्दांत विचारावे, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे पर्यवेक्षणात वारंवार सांगितले जाई. मला ते जिभेवर आणणे फार जड गेले. पुढच्या खेपेस त्या आल्या तेव्हा नाडी पाहण्यापूर्वी विचारले, ‘बाई, कधी जीव द्यावा असं मनात येतं का?’ त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘तारीखसुद्धा ठरवली होती. तुम्ही विचाराल असं वाटलं नव्हतं.’ त्याच दुपारी त्यांच्या यजमानांना बोलावून जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांचे औषध सुरू झाले. शिरोधारा आम्ही थांबविली नाही. दीड वर्षात मी त्यांची नाडी तीसहून अधिक वेळा पाहिली होती.

(ज्यांना तातडीने तज्ज्ञ उपलब्ध होत नाही त्यांच्यासाठी शासनाची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ चिकित्सालयात दर्शनी लावावा.)

पदवी आणि अधिकार

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून अंमलात आला. या कायद्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोणास म्हणावे याची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येत मनोविज्ञान एवं मानसरोग या विषयातील आयुर्वेदाच्या पदव्युत्तर पदवीधराचा स्पष्ट समावेश आहे. पहिल्या वाटेचा विचार न करणे ही चूक, असे वर म्हटले ते यासाठी. ज्या वाटेला आपण अवघड म्हणून टाळतो, तिलाच कायद्याने नाव घेऊन मान दिला आहे.

‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ या संज्ञेची व्याख्याही त्याच कायद्यात आहे. पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची चिकित्सालयीन मानसशास्त्रातील मान्य अर्हता, किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर पर्यवेक्षित चिकित्सालयीन प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ मान्यताप्राप्त एम.फिल., असा तिचा आशय आहे. केवळ एम.ए. या व्याख्येत बसत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचा व्यवसाय १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याच्या कक्षेत येतो आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना असा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. दंडाची रक्कम पाहून कोणी हसेल. कारावासाचा कालावधी वाचून हसू नये.

आणखी एक मुद्दा. मानसिक रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या आस्थापनेच्या व्याख्येत आयुर्वेदीय रुग्णालयेही येतात. त्यामुळे पंचकर्मासाठी अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या वैद्यांनी नोंदणीच्या तरतुदी पाहाव्यात. रुग्णास क्रूर व अमानुष वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे आणि साखळदंडाने बांधून ठेवण्यास मनाई केली आहे. उन्मादचिकित्सेच्या अध्यायात दंतहीन सर्प दाखवून भय घालणे, कशाघात करणे असे उपाय येतात, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. त्यांचा निर्देश ग्रंथाच्या इतिहासाचा भाग म्हणून करावा. ‘सत्त्वावजयाचे प्रकार’ म्हणून आजच्या रुग्णासमोर त्यांचा विचारही होऊ नये. या विधानावर काही ज्येष्ठ रागावतील, याची कल्पना आहे.

मग एम.ए. केलेल्या वैद्याने करावे तरी काय? आपल्या वैद्यकीय नोंदणीच्या मर्यादेत राहून तो उत्तम वैद्य होऊ शकतो, चांगले समुपदेशन शिकू शकतो, संशोधनाची साधने हाताळू शकतो आणि कोणता रुग्ण आपला नव्हे, हे वेळीच ओळखू शकतो. यातील शेवटच्या गोष्टीला आपल्या परंपरेत कमीपणा मानलेला नाही. पक्व गुल्माच्या शस्त्रकर्माची वेळ आली तेव्हा कायचिकित्सेचे आचार्य असलेल्या चरकांनी तो अधिकार धान्वंतरीयांचा, असे मोकळेपणाने सांगितले. त्याच विमानस्थानात, ज्ञान असले तरी त्याची फार बढाई मारू नये, असे शिष्याला बजावले आहे. फलक रंगविणाऱ्याला बोलावण्यापूर्वी तो अध्याय एकदा वाचावा.

वैद्यकाकडून मानसशास्त्राकडे जाणे ही नवी गोष्ट नव्हे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत गिरींद्रशेखर बोस हे होते. १९१० मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन व्यवसायात स्थिरावलेल्या या डॉक्टरांनी पुन्हा विद्यार्थी होऊन १९१७ मध्ये मानसशास्त्रात एम.एस्सी. केली, १९२१ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता आणि त्यात ते आपले मतभेदही मांडीत. गीता व पुराणे यांवरही त्यांनी लिहिले. भेद कोठे आहे, हा माझ्या परीक्षकांचा प्रश्न त्यांनी फार पूर्वी स्वतःला विचारला होता.

आमच्या चिकित्सालयात आंतरवासिता संपवून आलेली एक तरुण वैद्या सध्या काम करते. तिला मी तिन्ही वाटा सांगितल्या. कोट्टक्कल लांब आहे, घरून परवानगी मिळणार नाही, असे ती प्रथम म्हणाली. आठ दिवसांनी तिचे वडील स्वतः आले आणि तेथील वसतिगृहाची चौकशी करू लागले. ती आयुष प्रवेश परीक्षेचा अर्ज भरणार आहे आणि जमल्यास विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचाही. जाताना माझी संख्याशास्त्राची जुनी वही ती घेऊन गेली. गणिताच्या सरांचा पत्ता तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला आहे.